नावंच तर गेली

यंत्र बंद पडलं की लोक मला फोन करतात. यंत्रानं चोख उत्तर दिलं म्हणून मी घाबरले, असं मात्र आयुष्यात एकदाच झालं.

मी प्राजक्ता मगदूम. मिरजेतल्या एका कानांच्या इस्पितळात संगणकांचं जाळं सांभाळते. त्या रविवारी कोल्हापूरला मामेबहिणीच्या डोहाळजेवणाला गेले होते. जेवणं आटोपली होती, आत ओटी भरणं चाललं होतं, आणि मी पेंगुळल्या डोळ्यांनी मोबाइलवर दुसऱ्या दिवशीच्या कामाकडे नजर टाकत होते. सवयीनं इस्पितळातल्या एका उपकरणाचं नाव टाइप केलं. बोट उचलल्यावर लक्षात आलं, की आपण आज मिरजेत नाही. हे नाव फक्त इस्पितळाच्या आतल्या जाळ्याला ठाऊक असतं. बाहेरून विचारलं तर ‘असं इथं कुणी नाही’ एवढंच उत्तर यायला हवं.

पण पत्ता आला, तोही क्षणात.

मी दुसरं नाव विचारलं. त्याचाही पत्ता आला. मग उलटा प्रश्न केला : या आकड्यावर कोण राहतं? नाव आलं. पुढच्या आकड्यावर? तेही आलं. मी हातातली पेढ्यांची ताटली खाली ठेवली. मला ओळखणाऱ्यांना एवढ्यावरूनच प्रसंगाचं गांभीर्य कळेल.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडा असतो, तोच त्याचा पत्ता. आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून सोबत एक नाव असतं. नाव सांगा, आकडा मिळेल. आकडा सांगा, नाव मिळेल. एवढंच काम करणारा एक संगणक असतो, त्याला नेम सर्व्हर म्हणतात. गल्लीच्या तोंडाशी पानपट्टीवाला बसलेला असतो ना, तसाच तो. कुणाच्या घराची किल्ली त्याच्याकडे नसते, पण कोण कुठं राहतं हे तो विचारेल त्याला सांगतो. म्हणून शहाण्यासुरत्या जाळ्यात असे दोन ठेवतात. आतला सगळ्यांना ओळखतो, पण फक्त गल्लीतल्या लोकांशी बोलतो. बाहेरचा परक्यांशी बोलतो, पण त्याला दवाखान्याच्या दरवाज्यापलीकडचं काही माहीत नसतं. महिन्यापूर्वी आमचं सामान नव्या इमारतीत हलवताना कंत्राटदारानं दोघांचं दुकान एकच करून टाकलं होतं. काम आटोपशीर झालं, असं तो मला अभिमानानं सांगूनही गेला होता. त्याचा ‘आटोपशीर’ म्हणजे काय, ते मला आता कळत होतं.

पूर्वी यानं फारसं बिघडलं नसतं. कोट्यवधी आकडे एकेक करून विचारत बसायची चिकाटी माणसाला नसते. पण आता विचारणारी यंत्रं निघाली आहेत. ती न थकता जगातल्या प्रत्येक नेम सर्व्हरला प्रत्येक आकडा विचारतात, मिळालेली नावं जुळवतात आणि त्यातून अर्थ काढतात. मी आमच्या सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. ‘कानोसा’ नावाच्या कंपनीच्या यंत्रानं महिनाभर, अगदी सावकाश, आमच्या झाडून सगळ्या आकड्यांची नावं विचारली होती. आमच्या सर्व्हरनं झाडून सगळी सांगितली होती.

मी तिथूनच बाहेरच्या प्रश्नांना दार लावून टाकलं. पण बोललेला शब्द परत घेता येत नाही.

सोमवारी सकाळी आमचे मुख्य डॉक्टर पाटणकर यांच्या खोलीत मी आणि सिस्टर फिलोमिना उभ्या होतो. डॉक्टर म्हणाले, “नावंच तर गेली ना? रिपोर्ट तर आत आहेत? मग उगाच बोभाटा कशाला?”

“सर, आपली नावं कशी असतात ते तुम्ही बघितलंय का कधी?” मी विचारलं.

आता नावं का तशी होती, ते सांगते. आमच्या इस्पितळात कानात ‘कणी’ बसवतात. तांदळाच्या कणीएवढंच यंत्र. आतल्या कानातल्या बारीक पेशी मेल्या की माणूस बहिरा होतो. ही कणी त्या पेशींचं काम करते आणि आवाज थेट कानाच्या नसेला पोचवते. प्रत्येक कणी इस्पितळाच्या जाळ्याला जोडलेली असते, म्हणून प्रत्येकीला आकडा आणि नाव. सुरुवातीला आम्ही नुसते क्रमांक दिले होते. मग एकदा एका पाटलांची मापं दुसऱ्या पाटलांच्या कणीत गेली, आणि त्या बिचाऱ्यांना दोन दिवस चिमण्यांचा आवाज म्हशीसारखा ऐकू येत होता. तेव्हापासून सिस्टर फिलोमिनांनी सूत्रं हाती घेतली. मिरजेत माणूस जसा ओळखतात तसं त्या नाव ठेवायच्या : धंदा, गल्ली, कान. त्यानंतर एकही घोटाळा झाला नाही. हल्ली नावं देवनागरीत ठेवता येतात, त्यामुळे सिस्टरांच्या लेखणीला बांधच राहिला नव्हता.

डॉक्टरांनी चष्मा चढवला आणि पडद्यावर वाचायला सुरुवात केली. “सराफकट्टा-आजोबा-ओरडलं-तरच-ऐकतात. मुख्याध्यापक-उजवा-बंद. गाणाऱ्या-बाई-धारवाड-डावा-कान. नालबंदचाचा-तंबोरेवाले-दोन्ही-कान.” त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग ते एकदम थांबले. पुढचं नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही. मी वाकून बघितलं : ‘आपले-डॉक्टर-डावा-कुणाला-सांगू-नये’.

सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या.

“सगळ्यांना आजच कळवायला हवं,” डॉक्टर म्हणाले.

“फोनवर नको,” सिस्टर म्हणाल्या. “जवळच्यांच्या घरी जाऊन सांगू. नावं मी ठेवली होती. निम्म्या घरी मी जाते. धारवाडच्या बाईंना तेवढा फोन करते.” मी त्यांचा हात दाबला, कारण खरं तर त्यांच्या नावांनी माणसं वाचवलीच होती. तोंड उघडलं ते भलत्यानंच.

संध्याकाळी नालबंदचाचांकडे मी निघाले. चाचा आमच्या घरच्यासारखे. माझ्या आईचा तंबोरा त्यांनीच केलेला.

रसूल नालबंद म्हणजे मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीतला सगळ्यात जाणता हात. वय अडुसष्ट. दुकानात शिरलं की डोक्यावर वाळलेले भोपळे लटकत असतात, जमिनीवर लाकडाचा भुसा, आणि लाखेचा वास. गल्लीत आता बिनचालकाच्या रिक्षा फिरतात, वाद घालायला कुणी नाही म्हणून म्हातारे हळहळतात. पण चाचांचं दुकान जसंच्या तसं.

पुढच्या बाजूला त्यांची मुलगी नफिसा एका दांडीला खुंट्या बसवत होती. तिशीतली, हातानं चपळ, बोलायला त्याहून चपळ.

“ताई, बरं झालं आलात. भेट झाली असती नसती. पुढच्या सोमवारी मी चालले बंगळूरला. गिटारच्या कारखान्यात नोकरी लागली.”

“आणि हे दुकान?”

तिनं आतल्या पडद्याकडे हनुवटीनं खूण केली. “मी भोपळा कापते, दांडी बसवते, खुंट्या लावते. जवारी काढायची वेळ आली की अब्बा पडदा ओढून घेतात. आधी शेजारी बसवायचे की! तीन वर्षं झाली, नाही बसवत. मला वाटतं, माझ्या हातावर त्यांचा भरवसा नाही. मग इथं राहून काय करू? भोपळेच कापू जन्मभर?”

ती हसत बोलत होती, पण तिच्या हातातली खुंटी उगाचच फिरत राहिली होती.

जवारी म्हणजे तंबोऱ्याचा जीव. तार ज्या हाडाच्या घोडीवरून जाते, तिथं ती कशी टेकते यावर सगळं असतं. घोडी कानशीनं इवलीशी घासायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, ऐकायचं, पुन्हा घासायची. बरोबर जमलं की एका तारेतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुंजारव उठतो. चुकलं तर तार नुसती ओरडते किंवा मुकी होते. ते मापून करता येत नाही, ऐकूनच करावं लागतं.

मी पडदा सारून आत गेले. चाचा घोडीवर वाकले होते.

“ये बेटी, बस की. आई कशी आहे?”

मी आडवळणं घेतली नाहीत. काय झालं ते सांगितलं. त्यांच्या हातातली कानस थांबली.

“कुणी विचारलं म्हणालीस?”

“एका यंत्रानं.”

“कशाला?”

“विकायला. लोकांना सावध करतात म्हणे ते. खरेदीआधी जाणून घ्या, वगैरे.”

“म्हणजे माझ्या बहिरेपणाला गिऱ्हाईक आहे म्हणायचं. तंबोऱ्यापेक्षा बरं.” ते हसले, पण हसू तिथंच विरलं. मग बराच वेळ ते घोडीवरची भुकटी बोटानं टिपत बसले. “स्वयंपाक्याची जीभ गेली, असं लोकांना कळलं तर कुणी चव घेऊन बघतं काय? ताटावरून उठून जातात. तसंच आहे हे.”

“नफिसाला माहीत आहे?”

“नाही. आणि तू सांगू नकोस. सोमवारी ती जाईल. मग होऊ दे काय व्हायचं ते.”

“पण चाचा, ती जातेय ती तुमच्या पडद्यामुळे. तिला वाटतंय, तुमचा तिच्यावर भरवसा नाही.”

“तिच्यावर?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला. “अगं, तिचा कान माझ्या बापासारखा आहे. म्हणून तर पडदा. ती शेजारी बसली आणि म्हणाली, अब्बा, ही तार जास्त उघडी लागतेय, चरचरतेय, आणि मला ती तशी लागलीच नाही, तर? मी जे ऐकतो ते तारेचं आहे का कणीचं, हे मलाच सांगता येत नाही. तीन वर्षांत चाळीसेक तंबोरे बाहेर गेले असतील. भीती वाटते मला, प्राजक्ता. रोज वाटते.”

त्यांची भीती खोटी नव्हती, ते मला ठाऊक होतं. मूळ कानात हजारो पेशी असतात; कणीला तेवढ्या वाटा नसतात. त्यामुळे खूप वरचे, बारीक सूर ती अर्धे ऐकते आणि अर्धे अंदाजानं भरते. बोलणं ऐकायला त्यानं काही अडत नाही. पण जवारीचा गुंजारव नेमका त्याच बारीक सुरांचा असतो.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. “बाई, तुम्ही? या, या,” असा नफिसाचा आवाज आला, आणि पाठोपाठ सुमंगला हुक्केरी स्वतः पडद्याशी येऊन उभ्या राहिल्या. धारवाडच्या, साठी ओलांडलेल्या. त्यांचं गाणं लागलं की अजूनही माणसं रस्त्यात उभी राहतात. त्यांची तंबोऱ्यांची जोडी चाचांकडे घडत होती.

चाचा धडपडत उठले. मला वाटलं, संपलं. ऑर्डर मोडायलाच आल्या असणार.

“रसूलभाई, बसा हो,” बाई म्हणाल्या आणि भोपळ्यांच्या ढिगाशेजारच्या स्टुलावर बसल्या. नफिसा त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिथंच उभी राहिली. “आमचा सेक्रेटरी कसलीशी सेवा घेतोय. त्यानं मला काल तुमच्याबद्दल एक निरोप दाखवला. मी वाचला आणि पुसून टाक म्हटलं. आज सकाळी सिस्टरांचा फोन आला. त्यांनी फक्त माझ्या नावाचं सांगितलं, तुमचं नाही. पण निरोपात इस्पितळ तेच होतं. मग मी ड्रायव्हरला म्हटलं, काढ गाडी.”

त्यांनी पदर सारला आणि डाव्या कानामागची, कणी चालू-बंद करायची बारीक टिकली दाखवली. “दोन वर्षं झाली. घरात कुणाला माहीत नाही. शिष्यांना तर नाहीच. गाणाऱ्या बाईला ऐकू येत नाही, हे सांगायचं तरी कुणाला?”

चाचांनी नफिसाकडे बघितलं. ती तांब्या हातात धरून उभी होती. त्या क्षणी ते गप्प बसले असते तरी चाललं असतं. बाईंनी त्यांच्या कानांचं नावही काढलं नव्हतं.

“मला दोन्ही कानांना आहे,” चाचा म्हणाले. “तीन वर्षं झाली, नफिसा.”

नफिसानं तांब्या खाली ठेवला. “म्हणून पडदा?”

“म्हणून.”

“अब्बा, तुम्ही पण ना!” तिला हसावं की रडावं कळत नव्हतं, आणि शेवटी तिनं दोन्ही केलं. “जवारी बदललीय, हे मला पहिल्या महिन्यात कळलं होतं. जरा उघडी लागते. मला वाटलं, तुम्हाला आता असंच आवडतं. मी कोण सांगणारी? मला तुम्ही बसवतच नव्हता शेजारी.”

चाचांचा चेहरा उतरला. “म्हणजे बिघडलेच सगळे तंबोरे.”

“ते मी सांगते, थांबा,” बाई म्हणाल्या. “माझ्या शिष्या म्हणतात, बाई, मिरजेचा नवा तंबोरा थोडा चरचरतो. आणि मला? कणी बसवल्यापासून या कानाला सगळे तंबोरे डबा वाजल्यासारखे लागतात. माझा स्वतःचा जुनासुद्धा. मी गाणं सोडायच्या विचारात होते, खरं सांगते. मग मागच्या वर्षी तुमचा नवा आणला. तार छेडली आणि मी रडले हो. तोच एक मला तंबोऱ्यासारखा लागला. का, ते काही मला उमगेना.”

पण मला उमगलं. मी इतक्या जोरात “अय्या!” म्हणाले, की सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“बाई, या सगळ्या कण्या एकमेकींकडून शिकतात,” मी म्हणाले. “कुणाचं बोलणं त्या साठवत नाहीत. पण एखादा आवाज कसा भरायचा, हे एका कणीला जमलं, की जाळ्यातून ते सगळ्यांना कळतं. आता सांगा, आमच्या इस्पितळाच्या कण्यांत रोज आठ तास जवारी ऐकणारी कणी कुणाची? चाचांची. म्हणजे जवारी कशी ऐकायची, ते तुमच्या कणीला चाचांच्या कणीनंच शिकवलं, तेही चाचांनी त्याच कणीनं ऐकून लावलेल्या तंबोऱ्यांवर; म्हणून तोच तुम्हाला खरा लागतो.”

बाईंनी हात जोडले. “म्हणजे मी दोन वर्षं तुमच्या कानानं ऐकतेय, रसूलभाई.”

चाचांनी खांद्यावरच्या फडक्यानं डोळे पुसले आणि मग त्याच फडक्यानं, काही कारण नसताना, घोडीही पुसली.

“आता माझं ऐका,” बाई उठत म्हणाल्या. “जोडीतला एक तंबोरा तुम्हीच लावा. तो मी माझ्या डाव्या हाताला ठेवीन, तो माझा. दुसरा उजव्या हाताला, तो शिष्यांचा आणि लोकांचा. त्याला बिनकणीचा कान लागेल. तुमच्या घरात आहे का कुणाचा?”

त्यांनी नफिसाकडे बघितलंसुद्धा नाही. बघायची गरज नव्हती.

तो आठवडा माझा नावं बदलण्यात गेला. आत आणि बाहेर असे दोन नेम सर्व्हर मी पुन्हा वेगळे केले. कंत्राटदाराला काय बोलले ते इथं लिहीत नाही. शिवाय नवी नावं अशी ठेवायची ठरलं, की उद्या पुन्हा कुणी फुटलं तरी त्यातून काही कळू नये. सिस्टर फिलोमिनांनी मसाल्याचा डबा समोर ठेवून ती शोधली. सराफकट्ट्याचे आजोबा दगडफूल झाले. डॉक्टर मायपत्री झाले आणि खूश झाले. ज्यांच्या घरी आम्ही जाऊन आलो, त्यातल्या बऱ्याच जणांनी आम्हाला रागवायच्या ऐवजी चहा पाजला. लपवालपवीचा त्यांनाही कंटाळाच आला होता. काही जण मात्र रागावले, आणि त्यांचा राग रास्तच होता. ‘कानोसा’वर आम्ही रीतसर तक्रार केली. ती चालू आहे.

पुढच्या सोमवारी मी चाचांना त्यांचं नवं नाव सांगायला गेले. नफिसाची बंगळूरला न्यायची बॅग कोपऱ्यात उभी होती, आणि तिच्यावर एक भोपळा वाळत ठेवला होता. पडदा काढून टाकलेला होता. त्याच्या कापडाचं नफिसानं बैठकीला आवरण शिवलं होतं, त्यावर ती बसली होती. समोर बाईंचा दुसरा तंबोरा आणि हातात चाचांची कानस. चाचा शेजारी, भोपळ्यावर तळवा टेकून, गल्लीकडे बघत बसले होते.

“तुमचं नाव आता जायफळ आहे चाचा,” मी म्हणाले.

ते काही बोलले नाहीत.

नफिसानं घोडी घासली, दोरा सरकवला, तार छेडली. मान हलवली. पुन्हा घासली. पुन्हा छेडली. मला तरी ते अप्रतिम लागलं, पण माझ्या कानाला सगळंच तसं लागतं. तिनं बापाकडे बघितलं.

“अब्बा, झालं का?”

चाचा गल्लीकडेच बघत होते. तिनं त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा ते वळले. त्यांनी कानामागच्या टिकल्यांकडे बोट दाखवलं. दोन्ही कण्या त्यांनी बंद करून ठेवल्या होत्या.

“मला काय विचारतेस?” ते म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसला की माणूस ओरडून बोलतो, तसं ते बोलले. समोरच्या दुकानातल्या लोकांनी माना वर केल्या. “मला ऐकू येत नाही! तूच ऐक!”

तीन वर्षं ज्या गल्लीपासून त्यांनी ही गोष्ट लपवली, त्या सगळ्या गल्लीला ती एका दमात कळली. कुणी हसलं नाही. समोरच्यानं हात वर केला आणि तो आपल्या कामाला लागला.

नफिसा पुन्हा तारेकडे वळली. कानस एकदाच, अगदी हलक्या हातानं फिरवली. तार छेडली आणि ती विरेपर्यंत डोळे मिटून ऐकली. मग कानस खाली ठेवली.

“झालं,” ती म्हणाली.